क्रेन मोजू नकोस, कागद वाच

अगं, रात्री साडेबाराला पाठवलेले तुझे फोटो सकाळच्या चहाबरोबर बघितले. गिरगाव मेट्रो स्टेशनबाहेरचा तो अर्धवट टॉवर, ठाकुरद्वारच्या नाक्यावरचे निळे पत्रे, आणि वर 'दक्षिण मुंबईचा चेहरामोहरा बदलणार' म्हणून ओरडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ. झोप उडालीय ना? चाळीच्या ग्रुपवर रोज नवा आकडा येतो, 405 म्हणे, 450 म्हणे, कुणी 550 पर्यंत जातं. आई दिवसातून चारदा विचारते, "मग आपलं काय ठरलं?" आणि घरात इंग्रजी कागद वाचणारी तू एकटी, म्हणून सगळी मंडळी तुझ्या तोंडाकडे बघत बसलेली.

हे बघ, तुला जमणार आहे. तू ऑफिसात ऑडिटरच्या नाकावर टिच्चून हिशेब लावतेस, तुला हे का नाही जमणार? फक्त जिथे लक्ष द्यायचं तिथे तू देत नाहीयेस. आजूबाजूला काय उभं राहतंय ते जरूर बघ, आपलंच गाव आहे, बघणारच. पण समोरची क्रेन बघून आपल्या चाळीचं भविष्य कळत नाही. खरं सांगू का, माझंही हेच चालायचं. संध्याकाळी कुकर लावला की गॅलरीत उभी राहून समोरच्या बांधकामाचे स्लॅब मोजायची. त्यांचा नववा पडला, दहावा पडला, आपला पाया कधी? कितीतरी महिने मोजून मला एवढंच कळलं, की समोरच्यांचं काम चालू आहे. आणि दोनदा वरण करपलं.

तर आधी आपण कुठे उभे आहोत ते समजून घे. तुझी चाळ सेस बिल्डिंग आहे, म्हणजे उपकरप्राप्त इमारत. मालमत्ता कराबरोबर तिच्यावर दुरुस्तीचा उपकर लागतो आणि त्यातून म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ तिची डागडुजी करतं. हे मंडळ 1971 पासून आहे. सुरुवातीला मुंबई बेटावर अशा 19,642 इमारती होत्या, आता 13 हजारांच्या आसपास उरल्यात. 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची इमारत 'अ' वर्गात, तिथून 1950 अखेरपर्यंतची 'ब' आणि त्यापुढची 30 सप्टेंबर 1969 पर्यंतची 'क'. तुमच्या जिन्याच्या फळ्यांना मधोमध जे खळगे पडलेत ते बघता तुमची 'अ'च असणार. पण असणार म्हणून सोडू नकोस, मंडळाच्या यादीत नाव शोध.

चाळी अशा का झाल्या हेही लक्षात ठेव, कारण सभेत कुणी ना कुणी मालकाच्या नावाने शंख करणारच. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. त्या भाड्यात मालकाला छपराची कौलंसुद्धा बदलणं परवडेना, आणि तेवढ्या भाड्यात गिरगावात राहायला मिळतंय म्हटल्यावर भाडेकरू हलेना. दोघांचंही वागणं आपापल्या जागी शहाणपणाचं होतं. वाट मात्र इमारतीची लागली. तेव्हा सभेत भांडायची वेळ आलीच तर आजोबांच्या काळातलं उकरून काढू नकोस, पुढच्या करारावर भांड.

आता 33(7) हा आकडा पाठ कर. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतलं हे कलम सेस इमारतींच्या पुनर्विकासाचं. त्यात राहत्या भाडेकरूला कमीत कमी 300 चौरस फूट कार्पेट जागा मिळते. त्याच्यावर फंजिबलचे, म्हणजे नियमाने मिळणाऱ्या जादा क्षेत्राचे, 35 टक्के धर, म्हणजे 105. झाले 405. ग्रुपवर बिल्डरने '405 देतोय' म्हणून जो हार-तुऱ्यांचा मेसेज टाकलाय ना, ते त्याचं औदार्य नाही गं, तो नियमाचा तळ आहे. बोलणी तिथून वर सुरू होतात.

"मग बीडीडी चाळवाल्यांना 500 कसे मिळाले?" हा प्रश्न तुमच्या तळमजल्यावरचे काका दर सभेत विचारणार. बरोबर आहे, वरळीला 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या मिळाल्या, 160 फुटांच्या खोलीतून थेट 500 फुटांच्या घरात गेली माणसं. डोळ्यांत पाणी यावं असंच होतं ते. पण त्या चाळी सरकारच्या, जमीन सरकारची, नियमातलं कलम वेगळं आणि बांधणारी म्हाडा. तुमची जमीन खाजगी मालकाची, आणि बांधणारा बिल्डर विकायच्या फ्लॅटमधून पैसे काढणार. दोन्हीकडचं गणितच निराळं. काकांना हे शांतपणे सांग, चहा देऊन सांग, पण एकदाच सांग. दरवेळी सांगत बसलीस तर सभा तिथेच संपते.

बिल्डरचं गणितही जरा कळू दे, म्हणजे तो गोड बोलतो तेव्हा का गोड बोलतो ते समजतं. भाडेकरूंना द्यायच्या जागेवर त्याला बक्षीस म्हणून विकायला जादा बांधकाम मिळतं. एकट्या प्लॉटवर ते 50 टक्के, दोन ते पाच प्लॉट एकत्र केले तर 60, सहा किंवा जास्त असले तर 70. म्हणून तो तुमच्या शेजारच्या चाळीलाही घेऊ बघतोय. त्यात तुमचंही भलं होऊ शकतं, मोठ्या प्लॉटवर हवा-उजेड बरा मिळतो. पण शेजारच्या चाळीची संमती अडकली की तुमचंही घोडं अडतं. 'दोन्ही चाळी मिळून करू' म्हणाला तर विचार, 'ते आले नाहीत तर आमचं एकट्यांचं कधी सुरू होणार?' उत्तर लिहून घे. तोंडी उत्तराला काय, बिल्डरचं तोंड कायमच गोड असतं.

संमती 51 टक्के भाडेकरूंची लागते. आता ऐक, हसू नकोस. आमच्या पहिल्या सभेत मी चहाच्या रांगेत उभी होते, मागून एकाने कागद पुढे केला, "ताई, हजेरी." मी एका हातात कप आणि दुसऱ्या हाताने झोकात सही. घरी येऊन आठवलं, त्या कागदाच्या वर काय छापलं होतं ते वाचलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी सेक्रेटरींच्या दाराशी, केसांना तेल तसंच. नशीब, ती खरोखरच हजेरी निघाली. पण तू सही करताना वरचा मजकूर वाच, कोऱ्या पानावर करू नकोस, आणि सहीशेजारी तारीख घाल. प्रत्येक सही केलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो. यात लाजायचं काही नाही. लोक म्हणतील, "फार शहाणी झालीय." म्हणू देत.

तुझ्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती भाडेपावतीची. पावती अजून आजोबांच्या नावावर आहे ना? आजोबा जाऊन किती वर्षं झाली, आणि मालकाचा माणूस महिन्याला येऊन त्यांच्याच नावाची पावती फाडून जातो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण पुनर्विकास निघाला की मंडळ पात्र भाडेकरूंची यादी तपासून नक्की करतं, आणि तिथे नाव कोणाचं, वारस कोण, राहतं कोण, हे सगळं विचारलं जातं. 13 जून 1996 ही तारीख लक्षात ठेव. त्या तारखेनंतर एका खोलीच्या दोन करून नव्या पावत्या केल्या असतील तर ते नवे भाडेहक्क म्हणून धरले जात नाहीत. म्हणजे तुझ्या काकाला मधल्या काळात माळ्याची वेगळी पावती करून दिली होती ना, त्यावर दोन फ्लॅट मिळतील अशी स्वप्नं कुणी पाहत असेल तर आधीच थांबव. नाहीतर ऐनवेळी घरातच कोर्टकचेरी.

काय करायचं? जुन्या पावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं, आजोबांचा मृत्युदाखला, आईबाबांचं मतदार ओळखपत्र, सगळं एका जागी आण. काका आणि आत्यांशी आत्ताच बोल. आत्यांना विसरू नकोस हं, आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीची आठवण फक्त सही घ्यायच्या दिवशी येते, आणि मग तिला राग आला की आपल्याला नवल वाटतं. आधी जाऊन, बसून, दोन घास खाऊन बोललं की बहुतेक गोष्टी होतात. वारसांचं ठरलं की एखाद्या वकिलाकडून पावती कुणाच्या नावावर करायची ते करून घे. आईचंही नाव घालता येईल का ते नक्की विचार. त्या खोलीत आयुष्यभर पाणी भरलं कुणी?

आता कागद कुठून कुठे जातो ते सांगते, म्हणजे 'काम सुरू होणार' या वाक्याचा अर्थ तुला दरवेळी नीट लावता येईल. संमती झाली की मंडळाची एनओसी, म्हणजे ना-हरकत. मग पालिकेची आयओडी, म्हणजे नकाशांना अटींसह मंजुरी. मग जागा रिकामी करून पाडकाम. मग सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, तीही आधी जोत्यापर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने वरची. शेवटी ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला. एवढंच. बिल्डर किंवा कमिटीवाले काहीही म्हणोत, तू एकच विचारायचं, "यातलं काय हातात आहे? तारीख काय? प्रत दाखवा." प्रत नाही म्हणजे अजून झालेलं नाही. आयओडी आलेली नसताना आणि तुमचा कायमच्या पर्यायी जागेचा करार रजिस्टर झालेला नसताना खोली रिकामी करायची नाही. यावर मी हट्टी आहे. मला कुणी 'फार ताणता तुम्ही' म्हणालं तरी चालेल. रिकामी चाळ पाडली की तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही, फक्त फोन करायला उरतो.

ओसीचंही तेच. घर तयार दिसतं, फरशी चकाचक, लोक पूजा घालून राहायला जातात, आणि ओसी नसते. मग पाण्याचं बिल चढ्या दराने, बँक कर्जाला नाकं मुरडते, विकायला काढलं तर गिऱ्हाईक पळतं. तेव्हा गृहप्रवेशाच्या मुहूर्तासाठी गुरुजींना फोन करण्याआधी सेक्रेटरींना करायचा.

भाड्याचं बोलू. तीन-चार वर्षं बाहेर राहायचंय, कदाचित जास्त. संक्रमण शिबिर की भाडं, हे विचारलं तर बहुतेक लोक भाडं घेतात. घ्यावं, पण वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक आधी हातात, पुढच्या वर्षी वाढ किती ते करारात, आणि डिपॉझिट, दलाली, सामान हलवायचा खर्च वेगळा. बिल्डरला सुरुवातीची दोन वर्षं भाडं द्यायला काही वाटत नाही. त्याचे फ्लॅट विकले जायचे थांबले की त्याचा हात आखडतो. त्यासाठी बँक गॅरंटी माग. देणार नाही लगेच. तरी माग. चार चाळींनी मागितली की पाचव्या चाळीला देतो, बघ.

तू मला विचारलंस, महारेरावर बघितलं तर सगळं कळेल का? बरंच कळतं. बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं हे प्राधिकरण 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात सुरू आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प तिथे नोंदवल्याशिवाय विकता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. तो स्कॅन केलास की काम पूर्ण व्हायची कबूल केलेली तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले गेले, कोर्टात काही चालू आहे का, हे सगळं दिसतं. पण एक गोम आहे गं. हे मुख्यतः विकत घेणाऱ्यांसाठी आहे. तू काही विकत घेत नाहीयेस, तुझ्या हक्काची जागा परत घेतेयस. तुझं रक्षण तुझा रजिस्टर करार करणार, मंडळाच्या एनओसीतल्या अटी करणार. म्हणून महारेराचा उपयोग असा कर: हा बिल्डर आधी कुठे कुठे बांधत होता ती नावं काढ, आणि तिथल्या तारखा बघ. माणसाची सवय तारखांमध्ये दिसते.

आणि मग त्या जागी प्रत्यक्ष जा. पण त्याच्या सेल्स ऑफिसात नको, तिथे एसी आहे, गार पाणी आहे आणि भिंतीवर समुद्र रंगवलेला आहे. तू भाडेकरूंच्या बिल्डिंगमध्ये जा. नव्या टॉवरमध्ये दोन बाजू असतात, एक सेलची आणि एक आपली, रिहॅबची. सेलची बाजू रस्त्याकडे किंवा समुद्राकडे, आपली बहुधा मागे. गेट वेगळं, लिफ्ट वेगळी, कधी कधी बागेला मध्ये कुंपण. सकाळी सातच्या सुमारास जा, म्हणजे खरं रूप दिसतं. पाणी येतंय का, लिफ्टसमोर रांग किती, कचरा कुठे ठेवलाय. आणि बायकांना विचार, पुरुषांना नको, पुरुष म्हणतात, "ठीक आहे, चाललंय." बायका सांगतात की ओट्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो, कारण स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि वरच्यांच्या फोडणीचा खाट सगळा आपल्या घरात येतो. नकाशावर ती खिडकी छान निळ्या रेषेने काढलेली असते. ती कुठे उघडते हे नकाशात शोध.

नकाशा कळत नसेल तर मी केलं ते कर. खडू घेऊन गच्चीवर गेले आणि माप टाकून सगळं घर खऱ्या आकारात जमिनीवर काढलं. ओटा, मोरीच्या जागी आलेलं बाथरूम, दारं कुठल्या बाजूला उघडतात, सगळं. आईला मध्ये उभं केलं आणि म्हटलं, पोळ्या लाट. ती लाटायला वाकली तर पाठ फ्रिजच्या दाराला लागली. फ्रिजची जागा बदलून घेतली आम्ही, कागदावर होतं तोवर फुकटात. आणि तिने सगळ्यात आधी विचारलं ते पोटमाळ्याचं. चाळीच्या खोल्या उंच, त्यामुळे माळ्यावर अख्खा संसार मावतो: गादीचा कापूस, गणपतीचं मखर, पितळी डबे, कुणाच्यातरी लग्नातली पातेली. नव्या घराला तेवढी उंची नसते. 405 फूट ऐकायला मोठे वाटतात, पण त्यात माळा नाही. तेव्हा आईशी आत्तापासून हळूहळू बोलायला लाग, काय ठेवायचं, काय द्यायचं. भांडी निघायच्या आदल्या रात्री हा विषय काढू नकोस. मी काढला होता. त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

नव्या घराचा खर्च हाही लोकांना उशिरा कळतो. आत्ता तू जे भाडं देतेस त्यात दोन नारळ येत नाहीत. टॉवर म्हटला की लिफ्ट, पंप, वॉचमन, अग्निशमनाची यंत्रणा, जनरेटर, सगळ्याचं बिल मासिक देखभालीत येणार. म्हणून कॉर्पस फंड महत्त्वाचा. तो पैसा बिल्डर सोसायटीला देतो आणि त्याच्या व्याजातून देखभालीचा भार हलका होतो. चाळीत सगळे फुटांवर भांडतात आणि कॉर्पसचा आकडा शेवटच्या पाच मिनिटांत ठरतो. उलटं करायला हवं. दहा फूट कमी चालतील, पण बाबांच्या पेन्शनमध्ये महिन्याची देखभाल बसली नाही तर ते घर विकून विरारला जायची वेळ येते. गेलेली माणसं आहेत, तूही ओळखतेस. एक बरं, पालिकेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ केलाय, तो खर्च तुमच्या डोक्यावर नाही.

बिल्डरच पुढे आला नाही, किंवा मधेच पळाला तर? ही भीती रात्रीची असते, दिवसा आपण ती बोलत नाही. 2017 च्या 31 ऑगस्टला भेंडीबाजारच्या बाजूला हुसैनी इमारत कोसळली आणि 33 माणसं गेली. तेव्हापासून पाऊस लागला की आई टेकूंकडे बघत जपमाळ ओढते, हो ना? म्हाडाच्या कायद्यात आता 79-अ हे कलम आहे. पालिकेने इमारत धोकादायक ठरवली की मालकाला सहा महिने मिळतात, भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव आणायला. नाही आणला तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने. तेही झालं नाही तर म्हाडा ताब्यात घेऊन स्वतः करू शकते. आणि बिल्डरने अर्धवट सोडलं, भाडं थकवलं, तर त्यासाठी 91-अ. 79-अ च्या नोटिसांवरून 2025 मध्ये उच्च न्यायालयात गेलेल्या मालकांनी बरीच खळबळ उडवली, तेव्हा नोटीस आली म्हणजे झालं असं समजू नकोस, एखाद्या जाणत्या वकिलाला दाखव. पण दार एकच नाही, एवढं आईला सांग. आणि पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, ती बघ. भेगा वाढताना दिसल्या तर आज फोटो, उद्या तक्रार. यात आळस नको.

परवा तू म्हणालीस, "ताई, एवढे टॉवर झाले तर गिरगावात पाय ठेवायला जागा उरणार नाही." मला नाही वाटत तसं. 2001 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात 33 लाख 38 हजार माणसं होती, 2011 मध्ये 30 लाख 85 हजार. त्याच दहा वर्षांत लालबाग-परळला टॉवरवर टॉवर चढत होते. घरं मोठी झाली आणि माणसं कमी. एका खोलीत नऊजण राहायची तिथे तीन खोल्यांत दोघं राहतात, काही फ्लॅटला तर वर्षभर कुलूप. चाळींतली पोरं आधीच डोंबिवली, बदलापूरला गेली, खोल्यांची गोदामं झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो-3 कफ परेडपर्यंत पूर्ण धावायला लागली, काळबादेवी आणि गिरगावला स्टेशन आलं, त्यामुळे येणारेजाणारे खूप वाढतील. पण संध्याकाळी परत इथेच येणारे किती, ते मला माहीत असलेल्या बिल्डिंगांमध्ये दिव्यांवरून दिसतं. म्हणून मी सगळ्या चाळकऱ्यांना म्हणते, घर मिळाल्यावर लगेच विकून मोकळे होऊ नका. पण हे माझं मत, ज्याची त्याची गरज वेगळी. मुलीचं शिक्षण अडलं असेल तर विकणाऱ्याला मी काय बोलणार?

आणि आईचा खरा प्रश्न वेगळाच आहे, तो ती विचारत नाही. दार उघडं टाकून झोपायची सवय असलेल्या बाईला चौदाव्या मजल्यावर दिवसभर बंद दाराआड कोण भेटणार? माझ्या आईलाही हेच झालं होतं. मजले वाटताना सोडत काढतात, तेव्हा आधीच दोन-तीन घरांनी मिळून सांगितलं की आम्हाला एकाच मजल्यावर द्या, तर बऱ्याचदा जमतं. तुमच्या बाजूच्या दोन्ही काकूंना घे आणि कमिटीकडे एकत्र अर्ज टाक. आत्ताच टाक, कुणाला सुचायच्या आत. आमच्याकडे मधल्या पॅसेजमध्ये तिघींनी स्टुलं टाकलीत, दुपारी चारला डाळ-तांदूळ निवडायला बसतात, आणि वॉचमन रोज येऊन सांगतो की फायरवाल्यांचा नियम आहे, इथे काही ठेवायचं नाही. मग स्टुलं आत, तो गेला की बाहेर.

रविवारी ये. भाडेपावत्यांची पिशवी, सभेची नोटीस आणि बिल्डरने दिलेला तो रंगीत नकाशा, तिन्ही आण. आत्यांचे फोन नंबर पण. सकाळी लवकर ये, म्हणजे जेवणाआधी वारसांची यादी करून होईल, आणि दुपारी नकाशातली ती खिडकी शोधू. खडू माझ्याकडे आहे.